महाकाव्याचा विनोद होतो तेव्हा

ट्रॉयच्या युद्धानंतर ओडिसियस हा वीर बायको पेनेलपीकडे घरी कसा परततो, याची गोष्ट म्हणजे होमरचं ‘ओडिसी’ हे प्राचीन ग्रीक महाकाव्य. 2025 च्या फेब्रुवारीत त्यावरच्या क्रिस्टोफर नोलनच्या ‘द ओडिसी’ या चित्रपटाचं पहिलं छायाचित्र बाहेर आलं आणि मॅट डेमनच्या डोक्यावरच्या शिरस्त्राणावरून वाद पेटला. ट्रॉयच्या युद्धाच्या काळात असलं शिरस्त्राण कुणी घालत नसे, त्याची घडण नंतरच्या शतकांतली आहे, असं एका बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचं उत्तर ठरलेलं: एकडोळ्या राक्षसाच्या गोष्टीत शिरस्त्राणाचा इतिहास कसला शोधता? असा वाद निघाला की जोएल आणि ईथन कोएन यांचा ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ हा 2000 सालचा विनोदी चित्रपट दोन्ही पक्षांच्या कामी येतो. महाकाव्याची अशी थट्टा होऊ नये म्हणूनच काटेकोरपणा हवा, असं एक म्हणतो. काहीही केलं तरी चालतं याचा हा पुरावाच आहे, असं दुसरा म्हणतो. दोघांच्या हातातली मोजपट्टी एकच आहे: चित्रपट मूळ काव्यापासून किती अंतरावर गेला? माझ्या मते ही मोजपट्टीच चुकीची आहे. महाकाव्य ज्या रीतीने काम करतं ती रीत नव्या कृतीत चालू आहे का, हे पाहायला हवं. तसं पाहिलं तर तुरुंगातून पळालेल्या तीन कैद्यांची ही हास्यकथा ‘ओडिसी’च्या पुष्कळ जवळ आहे, आणि ती जवळ आहे ती विनोदामुळेच.

चित्रपट घडतो 1937 सालच्या मिसिसिपी राज्यात. युलिसिस एव्हरेट मॅकगिल (जॉर्ज क्लूनी) हा बोलघेवडा कैदी पीट आणि डेल्मर या दोघांसह साखळदंडासकट पळतो. बारा लाख डॉलर पुरून ठेवले आहेत, चार दिवसांत ते खोरं धरणाच्या पाण्याखाली जाणार, त्याआधी पोचायला हवं, असं तो त्यांना सांगतो. वाटेत हातगाडीवरून रूळ तुडवत जाणारा आंधळा म्हातारा भविष्य सांगतो, नदीवर कपडे धुणाऱ्या तीन बायका गाणं म्हणून भुरळ घालतात, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला बायबल-विक्रेता त्यांना झोडपून लुटतो. घरी बायको पेनी दुसऱ्या लग्नाच्या तयारीत असते. श्रेयनामावलीत होमरच्या ‘ओडिसी’चा आधार जाहीरपणे नोंदवलेला आहे आणि ऑस्करला पटकथेचं नामांकन मिळालं तेही ‘रूपांतरित’ या विभागात.

विरोधी पक्षाचा सगळ्यात वजनदार मुद्दा आधी मान्य करतो. आपण ‘ओडिसी’ वाचलेलीच नाही, असं कोएन बंधूंनी मुलाखतींत सांगितलं आहे. डेल्मरचं काम करणारा टिम ब्लेक नेल्सन ब्राउन विद्यापीठात ग्रीक-लॅटिन वाङ्मय शिकलेला. संचावर ते काव्य खरोखर वाचलेला माणूस बहुधा तोच. मग आंधळा म्हातारा म्हणजे काव्यातला द्रष्टा टायरेसियस, धोबिणी म्हणजे गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या सायरेन, बायबल-विक्रेता बिग डॅन म्हणजे एकडोळ्या राक्षस पॉलिफीमस, ही नुसती चिकटवलेली लेबलं नाहीत का? लेबलं आहेतच. चित्रपटाचे चाहते त्याच्या बाजूने जोड्या जुळवण्याची यादी देतात तेव्हा ते विरोधकांचंच काम सोपं करतात. शाळेच्या प्रश्नपत्रिकेतल्या ‘जोड्या लावा’सारखी ही यादी कितीही लांबवली तरी त्यातून एवढंच सिद्ध होतं, की लेखकांना कथासार ठाऊक होतं.

पण ही यादी काव्याच्या कोणत्या भागातून येते ते पाहा. ‘ओडिसी’चे सर्ग चोवीस. पॉलिफीमस, जादूगारीण सर्सी, सायरेन, पाताळातला टायरेसियस हे सगळं नवव्या ते बाराव्या सर्गात आटोपतं, आणि ते होमर स्वतःच्या निवेदनात सांगतच नाही. वाटेत आसरा देणाऱ्या फेशियन लोकांच्या राजवाड्यात जेवण झाल्यावर ओडिसियस स्वतः ते सांगतो. तेव्हा त्याला परतीसाठी जहाज हवं आहे, भेटी हव्या आहेत, ऐकणाऱ्यांवर छाप पाडायची आहे. म्हणजे जगभर ‘ओडिसी’ म्हणून जे ओळखलं जातं, ते एका गरजू आणि पट्टीच्या बोलणाऱ्या माणसाचं कथन आहे. तेराव्या सर्गात तो आपल्या इथाका बेटाच्या किनाऱ्याला लागतो आणि पुढचं निम्मं काव्य घरीच घडतं: वेश पालटणं, खोटं बोलणं, ओळख पटवणं, बायकोच्या परीक्षेला उतरणं. निष्ठा मोजायची तर या निम्म्या भागाशी मोजा. बारा लाख डॉलरची थाप एव्हरेट का मारतो? तिघे एकाच साखळीत अडकलेले आहेत. एकट्याला पळता येत नाही, म्हणून दोघांना पटेल अशी गोष्ट रचावी लागते. खजिना नसतोच. त्याला शिक्षा झालेली असते ती सनद नसताना वकिली केल्याबद्दल, आणि पळायचं असतं ते बायकोचं लग्न थांबवायला. ओडिसियस इथाकात पोचल्यावर पहिली थाप अथीना देवीला मारतो, मग डुकरं राखणाऱ्या युमियसला, मग प्रत्यक्ष पेनेलपीला, आणि दर वेळी क्रीट बेटाची नवी कहाणी रचतो. अथीना त्यावर रागावत नाही, हसते आणि त्याला कुरवाळते. कोएन बंधूंनी नायकाचा हा स्वभाव उचलला आहे. तो त्यांनी ग्रंथातून उचलला की ऐकीव माहितीतून, याने काय फरक पडतो?

ऐकीव माहिती हा शब्द इथे दूषण म्हणून वापरता येत नाही, कारण होमरचं काव्य वाढलं ते ऐकण्यातूनच. होमरचा अभ्यासक मिलमन पॅरी आणि त्याचा सहायक आल्बर्ट लॉर्ड यांनी 1933 ते 1935 या काळात युगोस्लाव्हियात फिरून गुस्ले हे तंतुवाद्य वाजवत वीरगीतं गाणाऱ्यांच्या गायनाचं ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रण केलं. अव्दो मेजेदोविच नावाच्या निरक्षर गायकाने त्यांना बारा हजारांहून अधिक ओळींचं एक काव्य सांगितलं. ‘ओडिसी’ची लांबीही तेवढीच आहे. हे गायक शपथेवर सांगत, की आम्ही शब्दन् शब्द जसाच्या तसा गातो. ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवली की दिसायचं, प्रत्येक खेपेला काव्य बदललेलं आहे: प्रसंग ताणलेले, गाळलेले, श्रोत्यांच्या कलाने वाढवलेले. त्यांची प्रामाणिक समजूत मात्र हीच, की गाणं तेच आहे. मूळ संहितेपासूनचं अंतर ही कसोटी अशा परंपरेला लावता येत नाही, कारण तिथे मूळ संहिता नावाची वस्तूच नसते.

या चित्रपटाच्या मध्यभागीही गाणं आहे, आणि तिथे तो महाकाव्याला खऱ्या अर्थाने भिडतो. ‘मॅन ऑफ कॉन्स्टंट सॉरो’ हे गाणं 1913 च्या सुमारास केंटकीतल्या डिक बर्नेट या जवळजवळ आंधळ्या फिरत्या गायकाने छापलं. 1928 मध्ये एमरी आर्थरने ते ध्वनिमुद्रित केलं, 1950 मध्ये स्टॅनली बंधूंनी, 1961 मध्ये बॉब डिलनने. दर वेळी चाल थोडी हलली, कडवी बदलली, गाणाऱ्याचं गाव बदललं. चित्रपटात एव्हरेट आणि मंडळी, वाटेत भेटलेल्या टॉमी या गिटारवादकासह, ते गातात एका आडगावच्या रेडिओ केंद्रावर. केंद्रचालक आंधळा आहे आणि माणशी दहा डॉलर देतो. एव्हरेट आधी सांगतो, आम्ही सगळे काळे, फक्त साथीदार गोरा. काळ्यांची गाणी आम्हाला नकोत, असं उत्तर आल्यावर त्याच दमात सांगतो, आम्ही सगळे गोरे, फक्त साथीदार काळा. गाणारे चार असताना सहांचे पैसे उकळतो, आणि उरलेल्या दोघांना सही येत नाही, ते फुली मारतील, असं सांगून तेही निभावतो. मग ती तबकडी राज्यभर गाजते, आणि ज्यांनी ती गायली त्यांनाच त्याचा पत्ता नसतो. शेवटाकडे खोट्या दाढ्या लावून ते एका राजकीय मेजवानीत गातात, पहिली ओळ कानावर पडताच सभागृह उसळतं आणि गाण्यावरून त्यांची ओळख पटते. आठव्या सर्गात काय होतं? ओडिसियस परक्या दरबारात अनोळखी पाहुणा म्हणून बसला आहे, आंधळा गायक डेमोडोकस ट्रॉयचं गाणं गातो, आणि स्वतःची कीर्ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तो तोंड झाकून रडतो. माणसाच्या आधी त्याचं गाणं पोचलेलं असतं, हा ‘ओडिसी’तला फार खोल विचार आहे. 1937 मध्ये ते काम करणारं साधन रेडिओ होतं, हे कोएन बंधूंनी बरोबर ओळखलं.

आणि हे गाणं पडद्याबाहेरही तसंच वागलं. संगीत-निर्माता टी बोन बर्नेटने चित्रीकरणाच्या आधीच संगीत तयार केलं. क्लूनीच्या ओठांवर जो आवाज आहे तो डॅन टिमिन्स्कीचा. गाण्यांच्या संग्रहाच्या अमेरिकेत 80 लाखांवर प्रती गेल्या आणि 2002 मध्ये त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळालं. सुरुवातीला खडी फोडणाऱ्या कैद्यांच्या तोंडी जे गाणं ऐकू येतं, ते लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्सने 1959 मध्ये मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगाच्या छावणीत केलेलं ध्वनिमुद्रण आहे. अग्रभागी गाणारा जेम्स कार्टर पुढे शिकागोत सापडला आणि 2002 मध्ये त्याच्या हाती मानधनाचा 20,000 डॉलरचा धनादेश पडला. थट्टा म्हणून काढलेल्या चित्रपटाने चाळीस वर्षांपूर्वीचा कैदी कशाला शोधला असता?

आता शिरस्त्राणाकडे वळू. अचूक कांस्ययुग दाखवा ही मागणी होमरलाच लावून पाहू. ट्रॉयच्या युद्धावरच्या त्याच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात मेरियोनीस हा ग्रीक योद्धा ओडिसियसला रानडुकराच्या सुळ्यांनी मढवलेलं शिरस्त्राण देतो. अशी शिरस्त्राणं मायसीनीच्या, म्हणजे ग्रीसमधल्या कांस्ययुगाच्या, काळातल्या कबरींत सापडली आहेत. एकासाठी तीस-चाळीस डुकरांचे सुळे लागत. होमरच्या काळात, म्हणजे साधारण ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात, ती वापरातून जाऊन कित्येक शतकं उलटली होती. म्हणजे हा तपशील अस्सल जुना. पण त्याच कवीचे वीर मेलेल्यांना जाळतात, तर मायसीनीचे राजे त्यांना पुरत. ‘ओडिसी’त धनुष्याच्या पणाला ज्या बारा कुऱ्हाडी मांडतात त्या लोखंडाच्या आहेत, आणि लोखंड माणसाला आपल्याकडे ओढून घेतं अशा अर्थाची म्हणही तिथे येते, शस्त्रं मात्र बहुतेक काशाची. पाच-सहा शतकांचा माल एकाच गाठोड्यात बांधलेला आहे. काटेकोर पोशाखपट बनवायला निघालेल्याने यातलं कोणतं शतक धरायचं? जे धरेल ते होमरच्या निम्म्या ओळींशी विसंगत ठरेल. कोएन बंधूही तेच करतात: गुंड जॉर्ज नेल्सन खऱ्या आयुष्यात 1934 मध्येच मेला होता, आणि पॅपी ओडॅनियल हे नाव टेक्ससच्या गव्हर्नराचं, जो पीठ विकता विकता रेडिओवरून राजकारणात आला. चित्रपटात तो मिसिसिपीचा गव्हर्नर आहे आणि त्याचं पाळण्यातलं नाव मेनेलेयस, म्हणजे होमरच्या काव्यातल्या स्पार्टाच्या राजाचं.

दिसण्याचा अस्सलपणा किती फसवा असतो, हे याच चित्रपटाच्या छायाचित्रणातून शिकावं. 1999 च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत चित्रीकरण झालं, खऱ्या जागी, खऱ्या उन्हात, आणि सगळं हिरवंगार. छायाचित्रकार रॉजर डीकिन्सला हवा होता मंदीच्या काळातला धुळकट, सुकलेला मुलूख. हाताने रंगवलेल्या जुन्या पोस्टकार्डासारखा. प्रयोगशाळेतल्या रासायनिक प्रक्रिया करून पाहिल्या. त्यांची अडचण अशी, की त्या सगळ्या चित्राचा रंग एकत्र उतरवतात. पानांचा हिरवा तेवढा वेगळा धरून पिवळा करता येत नाही, चेहरेही सोबत मरतात. म्हणून पूर्ण निगेटिव्ह स्कॅन करून संगणकावर घेतली, हिरवा रंग निवडून गवती-सोनेरी केला, कातडीचा रंग सांभाळला आणि लेझरने पुन्हा फिल्मवर उतरवलं. रंगकामाला सुमारे अकरा आठवडे लागले. अख्खा चित्रपट अशा रीतीने रंगवणाऱ्या पहिल्या काही चित्रपटांत त्याची गणना होते. कॅमेऱ्यासमोर होतं ते जसंच्या तसं ठेवलं असतं तर ते अस्सल असूनही खोटं दिसलं असतं.

विनोदाचं काय? महाकाव्य हे गंभीर असतं, त्याला हसू लावणं म्हणजे त्याची पातळी उतरवणं, ही समजूत ग्रीकांची नव्हे. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात ‘ओडिसी’च्या शेवटाबद्दल म्हटलं आहे, की सज्जनांना चांगलं आणि दुर्जनांना वाईट फळ देणाऱ्या अशा दुहेरी शेवटातून मिळणारा आनंद शोकांतिकेपेक्षा सुखात्मिकेला जवळचा आहे. ‘उदात्ततेविषयी’ या प्राचीन ग्रंथाचा कर्ता तर ओडिसियसच्या घरातलं चित्रण म्हणजे एक प्रकारची स्वभावप्रधान सुखात्मिकाच आहे, असं लिहितो. युरिपिडीस या नाटककाराने पॉलिफीमसच्या प्रसंगावर सॅटिर नाटक, म्हणजे अर्धपशू सॅटिरांचं हास्यनाटक, लिहिलं: गुहेत दारूला चटावलेला त्यांचा बाप सायलेनस आणि भित्र्या सॅटिरांचा घोळका. या प्रकारातलं संपूर्ण उरलेलं एकमेव नाटक म्हणजे हेच. अथेन्सच्या उत्सवात कवी आधी तीन शोकांतिका सादर करी आणि चौथं असलं नाटक, तेही डायोनिसस या देवाच्या पूजेचा भाग म्हणून. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात थीब्जजवळच्या काबिरियन देवस्थानाचा एक दोन कानांचा खोल पेला आहे, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला. त्यावर ढेरपोट्या, उघडाबंब ओडिसियस दोन रांजणांच्या तराफ्यावरून समुद्र तुडवत धावतो आहे, हातात त्रिशूळ, आणि मागून उत्तरवारा बोरियस गाल फुगवून फुंकर घालतो आहे. हा पेला देवळातला होता. ज्यांनी तो वाहिला त्यांना होमर कमी प्रिय होता का?

देवादिकांच्या हसण्यावर आक्षेप घेणारा ग्रीक मात्र होता, आणि तो म्हणजे प्लेटो. आदर्श राज्यात देव खदखदून हसल्याचे होमरचे प्रसंग नकोत, युद्धदेव आरीस आणि प्रेमदेवता ॲफ्रोडायटी यांना तिचा नवरा हेफेस्टसने जाळ्यात पकडल्याची कथा तरुणांच्या कानावर नको, असं त्याने ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात मांडलं. त्याची भीती खरी होती: हसलेल्या गोष्टीचा धाक उरत नाही. पण त्याच्या मार्गाने गेलेल्या होमरमध्ये ही जाळ्याची कथा सांगणारा ‘ओडिसी’चा आठवा सर्ग उरला नसता. सिंधुदुर्गात आणि गोव्यात दशावतार पाहणाऱ्याला हा मुद्दा वेगळा समजावून द्यायला नको. वेद चोरणारा संकासुर आडदशावतारात येऊन मालवणीत प्रेक्षकांची फिरकी घेतो, आणि त्याच रात्री, त्याच देवळापुढे, पुराणातलं आख्यान पूर्ण गांभीर्याने रंगतं.

उरतात दोन आक्षेप, आणि ते खरे जड आहेत. पहिला हिंसेचा. बाविसाव्या सर्गात पेनेलपीला मागणी घालायला आलेले एकशे आठ जण मारले जातात, आणि त्यांच्याशी संबंध ठेवले म्हणून बारा दासींना एका दोरावर फासावर लटकवतात. चित्रपटात एव्हरेट एकुलत्या एका प्रतिस्पर्ध्याशी मुष्टियुद्ध करतो आणि हरतो. ही किंमत मोठी आहे. परतलेल्या नवऱ्याच्या हातांना लागलेलं रक्त काढून टाकलं की काव्याचा सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग जातो, आणि विनोदाने ते भरून निघत नाही. मात्र त्यापुढची पायरी चित्रपट गाळत नाही. पेनेलपी नवऱ्याला पाहून गळ्यात पडत नाही. आपला पलंग बाहेर काढून ठेव, असं ती दासीला सांगते. जिवंत ऑलिव्हच्या बुंध्यावर ठोकलेला पलंग हलूच शकत नाही हे फक्त खऱ्या नवऱ्यालाच ठाऊक, आणि तो संतापून ते बोलतो तेव्हाच तिची खात्री पटते. पेनीची अट अंगठीची आहे. जुन्या घरातल्या झाकणाच्या मेजात ठेवलेली लग्नाची अंगठी आण, मगच पुन्हा लग्न. एव्हरेट ती आणायला जातो तोच खोऱ्यात पाणी शिरतं, घर बुडतं, मेज तरंगत वर येतं, अंगठी मिळते, आणि पेनी ती पाहून सांगते, ही माझी नाही. खरी आता तळ्याच्या तळाशी. ती तीन अंक मोजते आणि विषय संपवते. पेनी कजाग बायकोचा ठोकळा झाली, ही तक्रार मला अर्धीच पटते. परीक्षा घेण्याचा अधिकार तिच्याकडे राहिला आहे, आणि तिने तो नवऱ्याच्या गोड बोलण्याला बळी पडून सोडलेला नाही.

दुसरा आक्षेप क्लू क्लक्स क्लानचा, म्हणजे काळ्यांवर अत्याचार करणाऱ्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचा. टॉमी जॉन्सन या काळ्या गिटारवादकाला फासावर द्यायला जमलेला पांढऱ्या बुरख्यांचा मेळा चित्रपटात कवायतीच्या नृत्यासारखा रचलेला आहे. ज्या राज्यात अशा जमावांनी खरोखर माणसं मारली, तिथे हे दृश्य हसण्यावारी नेणं योग्य का? इथे नेमकं काय घडतं ते पाहायला हवं. बिग डॅनच्या बुरख्याला एकच भोक आहे. तिघे झेंड्याची काठी त्याच्या डोळ्यावर फेकतात, ती तो डोळ्यापुढे आणून अचूक झेलतो. होमरच्या काव्यात ओडिसियस राक्षसाचा एकुलता डोळा खुंटा खुपसून फोडतो, हे ज्यांच्या मनात आहे त्यांना वाटतं बिग डॅन वाचला. मग क्लानचाच जळता क्रूस आधाराच्या तारा तुटून त्याच्यावर कोसळतो. जमावाचं आपलंच चिन्ह जमावावर उलटतं. हे दृश्य मला समर्थनीय वाटतं. पटत नाही ते पुढचं: सुधारक म्हणून निवडणूक लढवणारा क्लानचा म्होरक्या होमर स्टोक्स लाडक्या गाण्याला मध्येच अडवतो म्हणून गोरे श्रोते त्याला उचलून बाहेर काढतात. 1937 च्या मिसिसिपीत गाण्याच्या प्रेमापायी असं झालं असतं, हे कोणता इतिहास सांगतो? शिवाय टॉमीला स्वतःची वाटचाल नाही. तो वाजवतो आणि वाचवला जातो. चित्रपटाचं संगीत ज्या समाजाकडून आलं त्याच्या माणसाला कथेत मागची जागा मिळाली, हा दोष होमरची ढाल पुढे करून लपवता येणार नाही.

अशा सोयीच्या शेवटांवर मात्र ‘ओडिसी’चे वाचक फार पूर्वीपासून भांडत आले आहेत. चोविसाव्या सर्गात मेलेल्यांचे नातेवाईक सूड घ्यायला येतात आणि अथीना मध्ये पडून तह घडवते. काव्य खरं तर तेविसाव्या सर्गात, नवराबायको त्या पलंगाशी पोचतात तिथेच पुरं होतं, असं अलेक्झांड्रियाचे ॲरिस्टोफेनीस आणि ॲरिस्टार्कस हे पंडित मानत. कोएन बंधूंच्या चित्रपटात तह घडवतो तो पॅपी ओडॅनियल: मतं मिळतील हे दिसताच तो ध्वनिक्षेपकासमोर कैद्यांना माफी देतो. नोलनचा चित्रपट कुठे थांबतो, त्या बारा दासींना पडद्यावर जागा देतो की नाही, आणि त्याचा ओडिसियस युमियसच्या झोपडीत खोटं बोलतो का, यावर वाद घालायला मला आवडेल. शिरस्त्राण त्यानंतर.